आधी नळी, मग पॅनेल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रक्ताच्या कर्करोगातील जनुकीय चाचण्यांविषयी हल्ली वृत्तपत्रांत वरचेवर छापून येते. सूर बहुधा एकच असतो: पन्नास-शंभर जनुके एका दमात वाचणारी चाचणी आली, आता आजार नेमका कळेल, औषधही नेमके मिळेल. यात खोटे काही नाही. पण ते वाचून नातेवाईक 'मोठे पॅनेल करून टाका' असा आग्रह धरतात, तेव्हा त्याआधी विचारायचे दोन-तीन प्रश्न राहूनच गेलेले असतात. रक्तविकृतिशास्त्र आणि जनुकीय निदानाच्या क्षेत्रात काम करणारे आम्ही काही जण मायलॉइड गटाच्या कर्करोगांपुरते हे लिहीत आहोत. या आजारांत प्रत्येक जनुकीय प्रश्नाचे घड्याळ वेगळे असते. सर्वांत घाईच्या प्रश्नांची उत्तरे सर्वांत साध्या चाचण्या देतात. आणि चाचणी फसते ती बहुतेक वेळा यंत्रात फसत नाही, रुग्णाच्या खाटेपाशीच फसलेली असते.

मायलॉइड म्हणजे मज्जेतल्या ज्या मूळ पेशींपासून लाल पेशी, प्लेटलेट आणि बहुतेक पांढऱ्या पेशी तयार होतात, त्या घराण्यातले आजार. झपाट्याने वाढणारा एएमएल, रेंगाळणारा सीएमएल, मज्जा नीट पिकतच नाही तो एमडीएस, आणि रक्तपेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात तो एमपीएन गट. चौघांचे निदान आज जनुकांवाचून पुरे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात तर एएमएलच्या कित्येक प्रकारांची नावेच जनुकांवरून पडली आहेत.

तासांचे घड्याळ असते ते एपीएलमध्ये, म्हणजे अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात. इथे पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्राचे तुकडे एकमेकांच्या जागी जातात आणि पीएमएल-आरएआरए हे जोडजनुक तयार होते. शिकागोच्या जॅनेट राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अदलाबदल १९७७ मध्ये दाखवली. 'अ' जीवनसत्त्वाचे एक रूप असलेली एट्रा ही गोळी आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड यांच्या जोडीने, पांढऱ्या पेशी १०,००० च्या आत असलेले दहापैकी नऊहून जास्त रुग्ण नेहमीच्या केमोशिवाय बरे होतात. नुसत्या आर्सेनिकवर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालेले काम जगभर मानले जाते. मग माणसे दगावतात कशाने? पहिल्या काही दिवसांतल्या रक्तस्रावाने, बहुधा मेंदूतल्या.

म्हणून इथे जनुकीय अहवालाची वाट पाहायचीच नसते. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या थेंबात, दाणेदार प्रोमायलोसाइट या कच्च्या पेशी आणि काड्यांच्या जुडीसारखे औअर रॉड दिसले, प्लेटलेट कमी, रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन खाली आणि गुठळ्या विरघळल्याची खूण असलेला डी-डायमर वर असला, की त्याच रात्री एट्रा सुरू करायची. मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला दिवसाला ४५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर आणि फायब्रिनोजेन १०० ते १५० मिलिग्रॅमच्या वर राहील इतके रक्तघटक देत राहायचे. मानेतली किंवा छातीतली मोठी शीर टोचायची नाही. आणि दुसऱ्या दिवशी फिश (गुणसूत्रावरची ठरावीक जागा चमकत्या रंगाने दाखवणारी चाचणी) किंवा आरटी-पीसीआरने खात्री करून घ्यायची. कोविडने घराघरांत पोचवलेला आरटी-पीसीआर तो हाच, फक्त इथे विषाणूऐवजी जोडजनुक शोधतो. उत्तर नकारार्थी आले तर एट्रा थांबवता येते. दोन-तीन दिवसांच्या गोळ्यांनी फारसे बिघडत नाही.

नेमक्या याच आजारात मोठे पॅनेल कुचकामी ठरू शकते. डीएनएवर चालणारी नेहमीची पॅनेल जनुकांचे ठरावीक भागच वाचतात आणि गुणसूत्रे तुटून जोडली जातात ती जागा बहुधा त्या भागांबाहेर असते. पॅनेलचा अहवाल तीन आठवड्यांनी येतो आणि त्यात पीएमएल-आरएआरएचा उल्लेखही नसतो. दुसरा धोका दुर्मीळ, पण ठाऊक असावा: आरएआरए कधीकधी पीएमएलऐवजी दुसऱ्याच जनुकाशी, उदाहरणार्थ अकराव्या गुणसूत्रावरच्या झेडबीटीबी-१६ शी जोडले जाते. तेव्हा पीएमएल-आरएआरएचा पीसीआर निगेटिव्ह येतो, स्मिअर मात्र एपीएलसारखा दिसतो, आणि एट्राचा उपयोग फारसा होत नाही. आरएआरएचे तुटणे दाखवणारा वेगळा फिश प्रोब इथे कामी येतो.

बाकीच्या एएमएलमध्ये घड्याळ दिवसांचे. युरोपियन ल्युकेमिया नेटच्या २०२२ च्या शिफारशींनुसार एफएलटी-३, एनपीएम-१, आयडीएच-१ आणि आयडीएच-२ या जनुकांचे निकाल ३ ते ५ दिवसांत, कॅरिओटाइप म्हणजे गुणसूत्रांचा नकाशा ५ ते ७ दिवसांत हाती हवा. या मुदती कुठून आल्या ते उपचारांचे वेळापत्रक पाहिले की कळते. तरण्या रुग्णाला सात दिवस सायटाराबिन आणि तीन दिवस डॉनोरुबिसिन देतात. रुग्णात एफएलटी-३ चे म्युटेशन असेल तर मिडोस्टॉरिन हे औषध आठव्या दिवसापासून द्यायचे असते. विसाव्या दिवशी आलेल्या एफएलटी-३ च्या अहवालाने माहितीत भर पडते, पहिल्या फेरीतल्या उपचारात पडत नाही. एएमएलच्या साधारण ३० टक्के रुग्णांत हे म्युटेशन असते, त्यामुळे हा काही अपवादातला प्रश्न नव्हे.

मग अहवाल येईपर्यंत केमो थांबवायची का? पांढऱ्या पेशी झपाट्याने चढत नसतील, ताप किंवा रक्तस्राव आटोक्यात असेल, तर चार-पाच दिवस थांबता येते. पेशी चढत असतील तर हायड्रॉक्सियुरियाने त्या दाबून ठेवता येतात. वयस्कर रुग्णात तर हे थांबणे जास्तच मोलाचे, कारण तिथे निवड कडक केमो की ॲझासिटिडिन-व्हेनेटोक्लॅक्सची जोडी, अशी असते आणि ती निवड पुष्कळदा जनुकांवर ठरते. एनपीएम-१ किंवा आयडीएच असलेले रुग्ण या जोडीला चांगला प्रतिसाद देतात. टीपी-५३ बिघडलेले असेल तर सुरुवातीचा प्रतिसाद फार काळ टिकत नाही.

एफएलटी-३ साठी जुनी, स्वस्त फ्रॅगमेंट ॲनालिसिस अजून का लागते, हेही सांगायला हवे. या जनुकातला आयटीडी नावाचा बिघाड म्हणजे त्याच मजकुराची पुन्हा चिकटलेली पट्टी. ती ३ अक्षरांची असते तशी ४०० अक्षरांहून मोठीही असते. मोठी पॅनेल ज्यावर चालतात ते एनजीएस यंत्र डीएनएचे छोटे-छोटे तुकडे वाचून जुळवते. वाचलेल्या तुकड्याहून पट्टीच मोठी असली, तर जुळवणारे सॉफ्टवेअर ती हुकवते. केशनलिकेतून तुकड्यांची लांबी मोजणारी साधी चाचणी तिला बरोबर पकडते, तीही दोन-तीन दिवसांत. उलट टीपी-५३, आरयूएनएक्स-१, एएसएक्सएल-१ अशा जनुकांसाठी एनजीएसला पर्याय नाही, कारण तिथे बिघाड कुठेही असू शकतो. सीईबीपीए हे जनुक मात्र अडचणीचेच. जी आणि सी अक्षरांची त्यात इतकी गर्दी की पुष्कळ पॅनेलमध्ये ते नीट वाचलेच जात नाही. अहवालात 'सीईबीपीए निगेटिव्ह' असेल तर तो भाग किती वेळा वाचला गेला, हे प्रयोगशाळेला विचारावे.

आता नळीकडे येऊ. पत्राचा खरा विषय तोच आहे.

कॅरिओटाइपला जिवंत पेशी लागतात. त्या प्रयोगशाळेत २४ आणि ४८ तास वाढवून, विभागणीच्या मधल्या टप्प्यात थांबवून, रंगवून, किमान २० पेशींतली गुणसूत्रे मोजायची असतात. त्यासाठी सोडियम हेपॅरिनची, म्हणजे हिरव्या टोपणाची नळी हवी. डीएनए आणि आरएनएच्या चाचण्यांसाठी ईडीटीएची, जांभळ्या टोपणाची. हेपॅरिन पीसीआरमधल्या एन्झाइमला अडवते, म्हणून हिरवी नळी पीसीआरला चालत नाही. ईडीटीएमध्ये पेशींची वाढ बिघडते, म्हणून जांभळी नळी कॅरिओटाइपला चालत नाही. ही अदलाबदल रोजची आहे. दोन्ही नळ्या भरल्या-भरल्या आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट कराव्यात, जोराने हलवू नयेत. नळीत गुठळी झाली की हव्या त्या पेशी तिच्यातच अडकतात.

बोन मॅरो काढताना पहिल्या ओढीला येणारा द्रव सर्वांत दाट असतो. पुढच्या प्रत्येक ओढीत रक्त अधिकाधिक मिसळत जाते. स्मिअरसाठी पहिल्या ओढीतले थोडेसे घ्यावे हे बरोबरच. पण त्यानंतर आणखी दहा मिलिलिटर एकाच जागेवरून ओढून शेवटचे पातळ उरलेले जनुकीय चाचणीला पाठवले, तर स्मिअरमध्ये ६० टक्के ब्लास्ट, म्हणजे कर्करोगाच्या कच्च्या पेशी, आणि नळीत १५ टक्के अशी गत होते. सुई थोडी सरकवून दोन-तीन मिलिलिटरची दुसरी ताजी ओढ घेतली, तर ते टळते. मज्जा सुकी निघाली, द्रव आलाच नाही, आणि रक्तात ब्लास्ट भरपूर असले, तर रक्ताच्या नळीवरही बहुतेक चाचण्या होतात. हाडाचा जो बारीक गाभा काढतात तो ॲसिडमध्ये मऊ केला की त्यातला डीएनए खराब होतो. पुढे जनुकीय चाचणी लागेल अशी शंका असेल तर तो ईडीटीएमध्येच मऊ करायला सांगावे. दिवस जास्त लागतात, पण डीएनए वाचतो.

प्रवासाचे गणित तर आपल्या राज्यात फारच नाजूक आहे. नांदेड किंवा चंद्रपूरहून निघालेला नमुना मुंबई-पुण्याला किंवा त्याहून पुढे, दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेत जातो. कॅरिओटाइपची नळी २४ तासांत पोचावी, ४८ ही शेवटची हद्द. शुक्रवारी दुपारी मज्जा काढली आणि कुरिअर सोमवारी उघडले, तर पेशी वाढणारच नाहीत आणि अहवालावर 'कल्चर फेल्युअर' एवढेच येईल. मज्जा सोमवार ते बुधवार काढणे एवढी साधी शिस्तही इथे पुरते. एपीएलचा संशय अर्थातच वाराची वाट पाहत नाही. मे महिन्यात थर्मोकोलच्या डब्यात जेल पॅक ठेवावेत, पण नळी त्यांना चिकटू देऊ नये. मध्ये वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या पुरतात. बर्फात तर नळी कधीच खुपसू नये. गोठून फुटलेल्या लाल पेशींतला रंगही पीसीआरला अडवतो.

एक चूक मात्र प्रयोगशाळेकडूनही होते. पेशी वाढवताना त्यात पीएचए हे उत्तेजक घातले तर टी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी विभागू लागतात. त्या निरोगी असतात, म्हणून कॅरिओटाइप स्वच्छ 'नॉर्मल' येतो. मायलॉइड आजारात पीएचए न घालता कल्चर करायचे असते. एएमएलच्या ४० ते ५० टक्के रुग्णांत कॅरिओटाइप खरोखरच नॉर्मल असतो, त्यामुळे ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. सोळाव्या गुणसूत्राच्या आतल्या उलटापालटीचेही तसेच. ती इतकी सूक्ष्म असते की पट्ट्या धूसर आल्या तर नजरेतून सुटते, आणि तो तर चांगल्या प्रकारातला, केमोने बरा होण्याची शक्यता जास्त असलेला आजार. मज्जेत विचित्र दाण्यांचे इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दिसले, तर कॅरिओटाइप नॉर्मल आला तरी त्या उलटापालटीत तुटणाऱ्या सीबीएफबी जनुकाचा फिश करून घ्यावा.

केमो सुरू झाली की पहिल्या दिवसाचा नमुना पुन्हा मिळत नाही. ब्लास्ट मेलेले असतात, उरलेल्या मज्जेत शोधायचे तरी काय? म्हणून चाचण्या कुठे करायच्या, पैसे कुठून येणार, हे ठरायचे असले तरी जांभळ्या नळीतला डीएनए काढून उणे २० अंशांवर ठेवावा. तेही जमत नसेल तर वाळवलेले, न रंगवलेले पाच-सहा स्मिअर जपून ठेवावेत. त्यांच्यावर फिश होते आणि गरज पडली तर डीएनएही निघतो. नातेवाइकांनी मागायची सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. ती जवळजवळ फुकट असते आणि जवळजवळ कुणी मागत नाही.

अहवाल हाती आला की त्यातली टक्केवारी सर्वांना कोड्यात टाकते. म्युटेशनसमोर 'व्हीएएफ २० टक्के' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ आजार २० टक्के आहे असा नाही. त्या जागेच्या जेवढ्या प्रती वाचल्या गेल्या, त्यांतल्या शंभरात वीस बिघडलेल्या होत्या, एवढाच. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात आणि बहुधा एकच बिघडते, म्हणून २० टक्के व्हीएएफ म्हणजे साधारण ४० टक्के पेशींत बिघाड. टीपी-५३ चे व्हीएएफ ९० टक्के आले तर दुसरी, चांगली प्रतही गेलेली आहे असे धरावे. ही वाईट खूण. कोणत्याही जनुकाचे व्हीएएफ ५० टक्क्यांच्या आसपास असले तर तो बिघाड जन्मजात तर नाही ना, ही शंका घ्यायलाच हवी. किती वेळा वाचले यालाही महत्त्व आहे. एखादी जागा १,००० वेळा वाचली तर २ टक्के म्हणजे २० वाचने. तीच १०० वेळा वाचली तर २ टक्के म्हणजे दोन, आणि दोन चुका यंत्र स्वतःच करते. एएसएक्सएल-१ मध्ये ओळीने आठ 'जी' येतात, तिथे एक जास्तीचा 'जी' मोजण्याची चूक यंत्राकडून सहज होते. पण खरे म्युटेशनही नेमके तिथेच सर्वांत जास्त आढळते. अशा वेळी कच्चा डेटा पाहणारा अनुभवी माणूसच लागतो.

'व्हीयूएस' म्हणजे ज्याचा अर्थ अजून ठरलेला नाही असा बदल. त्यावर औषध बदलू नये, प्रत्यारोपण ठरवू नये. भारतीय लोकसंख्येतल्या निरुपद्रवी बदलांच्या नोंदी परदेशी माहितीकोशांत तोकड्या असल्यामुळे आपल्याकडच्या अहवालांत अशा नोंदी जरा जास्तच दिसतात.

वयाबरोबर डीएनएमटी-३ए, टीईटी-२, एएसएक्सएल-१ यांची म्युटेशने निरोगी माणसांच्या रक्तातही जमू लागतात. सत्तरीपुढच्या दहातल्या एकाहून जास्त जणांत ती सापडतात, हे २०१४ मध्ये मोठ्या अभ्यासांतून पुढे आले. त्यातल्या बहुतेकांना कधीच कर्करोग होत नाही. म्हणून रक्तगणना नॉर्मल असलेल्या आजोबांची 'तपासून तर घेऊ' म्हणून पॅनेल करणे हा पैशाचा अपव्यय आहे आणि झोपेचाही. उपचारानंतर मज्जेत टीईटी-२ उरले तर आजार उरला असे समजायचे नाही, तेही याच कारणाने.

आता भविष्य कथनाचा भाग, म्हणजे अनुकूल, मध्यम आणि प्रतिकूल. अहवालातली ही तीन खाने पत्रिकेतल्या घरांसारखी वाचली जातात. आठ आणि एकवीस गुणसूत्रांची अदलाबदल, सोळाव्यातली उलटापालट, एफएलटी-३ आयटीडीविना एनपीएम-१ हे अनुकूल. टीपी-५३, सातवे गुणसूत्र गायब, तीन किंवा अधिक गुणसूत्रीय बिघाड हे प्रतिकूल. पण ही खाने कडक केमो घेतलेल्या रुग्णांच्या माहितीवरून पाडलेली आहेत. पंचाहत्तर वर्षांच्या, ॲझासिटिडिन-व्हेनेटोक्लॅक्सवर असलेल्या रुग्णाला तीच लावणे चूक आहे. युरोपियन ल्युकेमिया नेटने २०२४ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी विभागणी दिली ती त्यामुळेच. शिवाय खाना पहिल्या दिवशी ठरून कायमचा राहत नाही. एनपीएम-१ असलेल्या रुग्णात दोन फेऱ्यांनंतर रक्तातला एनपीएम-१ चा आरएनए पीसीआरने मोजला आणि तो नाहीसा झालेला असला, तर पुढची वाटचाल बरीच आश्वासक असते. उरलेला असला तर प्रत्यारोपणाचा विचार पुढे येतो. दुसऱ्या फेरीनंतरची ही एक नळी पुष्कळ ठिकाणी काढलीच जात नाही, कारण 'जनुकीय चाचणी तर सुरुवातीला झाली' असा समज.

सीएमएलमध्ये घड्याळ वर्षांचे आहे. फिलाडेल्फियात १९६० मध्ये दिसलेले ते आखूड गुणसूत्र, १९७३ मध्ये राउली यांनीच उलगडलेली नऊ आणि बावीसची अदलाबदल (तिच्यातून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक बनते), आणि २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब, ही वैद्यकातली सुरस साखळी आहे. या औषधाच्या पेटंटचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयात गाजला आणि १ एप्रिल २०१३ ला निकाली निघाला, तेही वाचकांना आठवत असेल. गोळी आज आवाक्यात आहे. ती काम करते की नाही हे सांगणाऱ्या पीसीआरची शिस्त मात्र आपल्याकडे ढिली आहे.

मोजमाप आंतरराष्ट्रीय मापावर, आयएसवर, हवे. तीन महिन्यांना बीसीआर-एबीएल १० टक्के किंवा कमी, सहा महिन्यांना १ टक्का, वर्षाला ०.१ टक्का हा मार्ग. तिथवर पोचेपर्यंत दर तीन महिन्यांनी, पुढे तीन ते सहा महिन्यांनी चाचणी. अहवालावर 'आयएस' नसेल तर एका प्रयोगशाळेचा ०.३ आणि दुसरीचा ०.०८ यांची तुलनाच होत नाही. शक्यतो प्रयोगशाळा बदलू नये. दुसरा आकडा तुलनेसाठी मोजलेल्या एबीएल जनुकाच्या प्रतींचा. तो नमुन्याचा कस सांगतो. 'आढळले नाही' या शेऱ्याला ०.०१ टक्क्याच्या पातळीचे वजन यायला एबीएलच्या किमान १०,००० प्रती लागतात आणि ०.००३२ टक्क्यासाठी ३२,०००. तीन दिवस उन्हात फिरलेल्या नळीतला आरएनए मोडून २,००० प्रती उरल्या असतील, तर 'आढळले नाही' म्हणजे नीट शोधता आले नाही. गोळी थांबवून पाहण्याचा निर्णय याच आकड्यांवर उभा असतो. किमान तीन वर्षे औषध आणि किमान दोन वर्षे सलग ०.०१ टक्क्याखाली असल्याशिवाय तो विचार करू नये.

सीएमएलचे निदान करतानाच जोडजनुकाचा प्रकार लिहून ठेवावा. बहुतेकांत पी-२१० असतो. थोड्यांत पी-१९०, पी-२३० किंवा आणखी निराळा असतो, आणि नेहमीचा पीसीआर फक्त पी-२१० शोधतो. अशा रुग्णाचा पाठपुराव्यातला पहिलाच अहवाल 'शून्य' येतो आणि घरात पेढे वाटले जातात. इकडे पांढऱ्या पेशी चढतच असतात.

आकडा वाढला तर आधी औषधाची पाकिटे मोजावीत. चुकलेल्या गोळ्या हे सर्वांत सामान्य कारण, आणि ते विचारायला पैसे पडत नाहीत. गोळ्या नियमित असूनही ठरलेले टप्पे चुकत असतील तेव्हा जोडजनुकाच्या कायनेज भागाची, म्हणजे औषध जिथे चिकटते त्या भागाची, म्युटेशन चाचणी करावी. नेहमीची सँगर पद्धत १५-२० टक्क्यांहून कमी असलेले म्युटेशन पाहू शकत नाही, आणि बीसीआर-एबीएल ०.१ टक्क्याखाली असताना वाचायला पुरेसा माल बहुधा मिळतच नाही. टी-३१५-आय हे म्युटेशन निघाले तर इमॅटिनिब, डॅसाटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब ही चारही निरुपयोगी. पोनाटिनिब किंवा ॲसिमिनिब लागते.

एमपीएनविषयी थोडक्यात. हिमोग्लोबिन पुरुषांत १६.५ च्या आणि स्त्रियांत १६ च्या वर टिकून राहिले, तर धूम्रपान आणि झोपेतला श्वासरोध तपासून मग जॅक-२ या जनुकाची साधी पीसीआर करावी. लाल पेशी वाढणाऱ्या पॉलिसायथीमियाच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत व्ही-६१७-एफ हे एकच म्युटेशन मिळते. प्लेटलेट वाढल्या असतील तर जॅक-२, मग सीएएलआर, मग एमपीएल, आणि बीसीआर-एबीएल नाही याची खात्री. यकृताच्या शिरेत अकारण गुठळी झाली असेल तर रक्तगणना नॉर्मल असली तरी जॅक-२ पाहावे.

एमडीएसच्या संशयात मात्र पॅनेलच्या आधी बी-१२ आणि फॉलेट तपासावे. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आहे. तीत मज्जा इतकी बेढब दिसते की अनुभवी डोळाही चकतो. हे उरकले की एमडीएसमध्ये एनजीएसचा खरोखर उपयोग आहे. २०२२ मध्ये आलेली आयपीएसएस-एम ही मोजणी ३१ जनुकांची माहिती, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, ब्लास्ट आणि गुणसूत्रे एकत्र करून धोका सांगते आणि ती संगणकावर विनामूल्य करता येते. पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गळला असेल तर लेनालिडोमाइड, एसएफ-३बी-१ असेल तर लस्पाटरसेप्ट, अशा औषधांच्या वाटाही त्यातून उघडतात.

जन्मजात बिघाडाचा मुद्दा भावाची किंवा बहिणीची मज्जा घ्यायची वेळ आली की तातडीचा होतो. डीडीएक्स-४१, जीएटीए-२, आरयूएनएक्स-१ अशा जनुकांतला बिघाड वारशाने आलेला असेल तर दात्यातही तो असू शकतो. रुग्णात तो जन्मजात आहे का हे पाहायला लाळ किंवा गालातला फाया चालत नाही, त्यात रक्ताच्याच पेशी भरपूर असतात. त्वचेचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवाव्या लागतात. याला तीन-चार आठवडे जातात, म्हणून ते पहिल्या आठवड्यातच सुरू करावे. मुलांत आणि तरुणांत मज्जा सुकत असेल, उंची कमी, अंगठा वेगळा किंवा कातडीवर कॉफीच्या रंगाचे डाग असतील, तर मायटोमायसिन घालून करायची गुणसूत्रभंगाची चाचणी आधी व्हावी. ती ज्यासाठी करतात तो फॅन्कोनी ॲनिमिया बहुधा आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली की होतो. आते-मामे भावंडांच्या लग्नांची चाल असलेल्या आपल्या भागांत तर तो विसरून चालणार नाही. त्या रुग्णाला नेहमीच्या मात्रेची केमो किंवा प्रत्यारोपणपूर्व औषधे सोसत नाहीत.

शासनाकडे मागणे मोजके आहे. आयुष्मान भारतमध्ये रुग्णालयात दाखल होण्याआधीच्या तीन दिवसांच्या तपासण्या धरल्या जातात. सीएमएल आणि एमपीएनचे रुग्ण मात्र बहुतांश बाह्यरुग्ण विभागातच असतात. दाखल झालेच नाहीत तर त्यांच्या पीसीआरला हा नियम कसा लागू होणार? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत या दोन आजारांसाठी बाह्यरुग्ण स्तरावरची चाचणी वर्षाला चार वेळा धरावी. एएमएलसाठी पीएमएल-आरएआरए, एफएलटी-३, एनपीएम-१ आणि कॅरिओटाइप एवढा संच दाखल होण्याच्या दिवशीच, मंजुरीची वाट न पाहता करता यावा. पॅनेल त्यानंतर, उपचार बदलणार असेल तिथे. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात उणे २० अंशांचा एक फ्रीझर आणि डीएनए काढण्याचे किट असावे. आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळांनी अहवालावर नमुना काढल्याची, पोचल्याची व अहवाल दिल्याची अशा तिन्ही तारखा छापाव्यात. आज बहुतेक अहवालांवर पहिली तारीखच नसते.

आपले,
रक्तविकृतिशास्त्र व जनुकीय निदान क्षेत्रातील काही तज्ज्ञ, पुणे